मोराग नावाचं श्वापद

"आईनं चहा सोडला," मी म्हणालो.

केकचा तुकडा नाथ्याच्या तोंडापाशीच थांबला. "सगुणामावशीनं? चहा? आरं, जेवण सोडलं आसतं तरी इतकं वाटलं नसतं!"

मी निळं हवाईपत्र त्याच्यापुढे सरकवलं. आमच्या गावच्या पाळकसाहेबांचं वळणदार अक्षर होतं. 'आपल्या पत्रातील भयंकर श्वापदाचे वर्णन ऐकून मंडळी हवालदिल झाली. भगिनी मंडळाने उपास धरून प्रार्थना केली. आपल्या मातोश्रींनी तर आपण सुखरूप परत येऊन डोळ्यांस दिसेपर्यंत चहा वर्ज्य केला आहे. त्यांचे डोके फार दुखते, तथापि त्या ठाम आहेत.'

नाथ्यानं पत्र दोनदा वाचलं, केक बशीत ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. ते भयंकर श्वापद खिडकीतून मुंडकं आत घालून उभं होतं आणि बिस्किटाची वाट बघत होतं.

"हिच्यापायी झालं समदं," नाथ्या म्हणाला.

"हिच्यापायी? भिंतीवर कोण चढलं होतं?"

"आन् पत्र कुणी लिहिलं?"

एवढ्यात आमच्या घरमालकीण मिसेस मॅक्फी आत आल्या. त्यांनी श्वापदाच्या नाकावर हलकी चापटी मारली आणि आम्हाला बजावलं, "मोरागला आल्याची बिस्किटं देऊ नका. तिचं पोट बिघडतं."

मोराग म्हणजे मिसेस मॅक्फींची गाय.

हे सगळं चौऱ्याऐंशी सालचं. मी, शांतवन लोंढे, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि नथानिएल भांबळ ऊर्फ नाथ्या तेवीसचा. जालन्याकडच्या आमच्या खडकेवाडीला नव्वद वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या एका बेटावरून गिलीससाहेब नावाचा मिशनरी आला होता. आमचं देवळाइतकं लहान चर्च त्यानंच बांधलं. आता त्या बेटावरच्या चर्चमध्ये माणसं उरली होती अकरा, आणि सगळ्यांत तरुण बाई अडुसष्ट वर्षांची. तेव्हा त्यांनी कळवलं, 'आम्ही तुमच्याकडे माणूस पाठवला होता. आता तुम्ही आमच्याकडे दोन पाठवा, वर्षभरासाठी.' झालं! खडकेवाडीची छाती फुगली. बँड लावून, हार घालून आम्हाला एसटीत बसवलं. भगिनी मंडळाच्या केरूबाईंनी तर माझ्या कानात सांगितलं, "जिवाची पर्वा करू नगंस. गिलीससायबानं केली नव्हती."

गिलीससाहेबानं जिवाची पर्वा कशी केली नव्हती हे आमच्याकडे लहान लेकरालाही पाठ होतं. ओढ्याकाठी त्याच्यापुढे पट्टेरी वाघ आला. साहेबानं नुसता बायबल धरलेला हात वर केला आणि वाघ शेपूट घालून परत फिरला. हे डोळ्यांनी पाहिलं कुणी? माझ्या पणजोबांनी, धर्माजी लोंढ्यांनी. दरवर्षी चर्चच्या वाढदिवशी ही हकिगत सांगितली जायची आणि लोंढे घराण्यातल्या थोरल्या माणसानं उभं राहून मान डोलवायची. उजवीकडचा पहिला बाक आमचा, तो त्या वाघामुळे.

आता एवढ्या वाघाच्या मुलखातून आलेल्या दोन मिशनऱ्यांनी बेटावर काय करावं? आम्ही केक खाल्ला. सकाळी चर्चसमोरचं गवत कापायचं, मग म्हाताऱ्या माणसांना भेटायला जायचं. प्रत्येक घरी चहा, केक, आणि निघताना खिशात बिस्किटं. प्रार्थना करू का विचारलं की म्हणायचे, "हो हो, पण आधी आणखी एक तुकडा घ्या." दोन महिन्यांत नाथ्याची पँट लागेना. नाथ्या तसा पाण्यासारखा कुठेही मिसळणारा. त्याला इंग्रजी चार शब्द येत, पण म्हाताऱ्यांबरोबर पत्ते कुटत बसायचा आणि जिंकायचासुद्धा. मला इंग्रजी चांगलं येत होतं, तरी मी आपला संध्याकाळी मोरागपाशी जाऊन बसायचो.

पहिल्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं. हवा थंड आहे, माणसं प्रेमळ आहेत, केक चांगला असतो. पाळकसाहेबांचं उत्तर आलं: 'आपले पत्र उपासनेत वाचले. मंडळी थोडी निराश झाली. केरूबाई विचारतात, लेकरे सेवेला गेली आहेत की पाहुणचाराला? पुढील पत्रात तेथील संकटांविषयी सविस्तर लिहावे.'

आम्ही दोघं दोन दिवस संकट शोधत फिरलो. संकट काही सापडेना. तिसऱ्या दिवशी एका आजीबाईंकडून परत येत होतो, खिशात बिस्किटं होतीच, आणि मोराग आमच्या मागे लागली. त्या जातीची गाय तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. अंगभर लोंबते तांबडे केस, डोळ्यांवर झिपऱ्या, आणि हातहातभर लांब शिंगं. स्वभावानं मात्र अगदी गरीब. मला ती ओळखीची होती, पण नाथ्यानं तिला तोवर एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं आणि "आरं देवा!" म्हणून दगडी भिंतीवर चढला. मोरागनं माझा खिसा बिस्किटांसकट खाल्ला.

त्या संध्याकाळी मी लिहायला बसलो आणि नाथ्या भिंतीवरून घरी आल्याच्या जोशात सांगू लागला.

"लिही, शिंगं भाल्यावानी."

"लिहिलं."

"डोळे दिसत नाहीत, त्यामुळं कुणाकडं बघतंय ते कळत नाही. हे खरंच हाय बरं का."

"लिहिलं. 'श्वापदाने माझ्या अंगावरील वस्त्र फाडले.'"

"व्वा! वस्त्र! आन् मी?"

"'बंधू नथानिएल यांनी उंच ठिकाणी जाऊन देवाचा धावा केला.'"

नाथ्याला हे फार आवडलं. यात खोटं एक अक्षर नाही, असं आम्ही एकमेकांना पटवलं. गाय हा शब्द तेवढा लिहिला नाही.

सोबत फोटो हवा म्हणून नाथ्यानं मिसेस मॅक्फींचा कॅमेरा आणला होता. एकच फोटो बरा निघाला, पण त्यात मोरागशेजारी मी होतो. मी कात्री घेतली आणि स्वतःला कापून टाकलं. राहिल्या झिपऱ्या, शिंगं आणि मागचं धुकं. नाथ्या म्हणाला, "मला पुन्हा भ्या वाटाया लागलं."

त्या पत्राचा परिणाम म्हणजे आईचा चहा.

माझी आई दिवसातून सात वेळा चहा प्यायची. बाबा वारले त्या दिवशीसुद्धा तिनं आधी सगळ्यांना चहा पाजला आणि मग ती रडली. आणि आता चुलीपुढे डोक्याला रुमाल बांधून बसलेली ती मला दिसायला लागली. माझ्यानं केक गिळवेना.

"लिहून टाक खरं काय ते," नाथ्या म्हणाला.

"कसं लिहू? आईला वाचता येतं का?"

तिथेच सगळं अडलं होतं. मिशनऱ्याचं पत्र पुलपिटावरच उघडायचं, अशी गिलीससाहेबाच्या वेळेपासूनची आमच्या चर्चची रीत. पत्र आईच्या नावावर आलं तरी ती ते पदराखाली धरून, न फोडता, रविवारी पाळकसाहेबांच्या हातात द्यायची. म्हणजे तिच्या कानात सांगायची गोष्ट मी तीनशे माणसांच्या कानात सांगितल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचणार नव्हती. लोंढ्यांचा पोरगा गाईला भ्याला, हे वाघाच्या बाकावर बसून आईला ऐकावं लागलं असतं.

मी पत्र लिहायचो आणि फाडायचो. असे तीन महिने गेले. दर पत्रात पाळकसाहेब एक ओळ लिहायचे, 'मातोश्रींनी चहा घेतलेला नाही.'

फेब्रुवारीत पार्सल आलं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, लाखेच्या सात मोहरांचं. ते देताना पोस्टमन सलग अकरा वेळा शिंकला. आत तीन किलो लाल तिखट होतं आणि केरूबाईंनी कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी: 'श्वापद अंगावर आल्यास डोळ्यांत टाकणे. उरल्यास कालवणात वापरणे.'

"हे काय आहे?" मिसेस मॅक्फींनी विचारलं.

"मसाला," नाथ्या घाईनं म्हणाला. "सूप. गुड!"

नाथ्याच्या चार इंग्रजी शब्दांपैकी हे दोन होते आणि त्यांनी घात केला. त्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. पाहुण्यांच्या देशाचा मान म्हणून मिसेस मॅक्फींनी बटाट्याच्या सुपात पळीभर तिखट घातलं. पहिला घोट घेतल्यावर कुणी काही बोललं नाही. तिथली माणसं फार सभ्य. मग पाळक उठून बाहेर गेले आणि पावसात तोंड वासून उभे राहिले. दोन आजीबाई एकमेकींचा हात धरून रडत होत्या. नव्वदीचा एक बहिरा आजोबा तेवढा वाडगं पुढे करून म्हणाला, "लढाई संपल्यापासून पहिल्यांदाच मला चव कळली. आणखी आहे का?"

भांडी घासताना मिसेस मॅक्फींनी मला कोपऱ्यात गाठलं. "दोन मुलांना तीन किलो? खरं सांग, हे कशासाठी पाठवलंय?"

मी सांगितलं. वाघ, बाक, वस्त्र, चहा, सगळं सांगितलं. मी सांगत होतो आणि ही बाई हसत होती. हसता हसता तिनं डोळे पुसले, त्याच तिखटाच्या हातानं, आणि मग "अगं आई गं" अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या भाषेत ओरडली. नळाखाली तोंड धरून दहा मिनिटांनी ती वर आली, ती किल्ल्यांचा जुडगा घेऊनच.

"चल," ती म्हणाली. "आमच्या अँगस गिलीसची पत्रं तू पाहिली नाहीस अजून."

चर्चच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. त्यात गिलीससाहेबानं खडकेवाडीहून घरी लिहिलेली पत्रं गठ्ठ्यानं बांधून ठेवली होती. तीसुद्धा इथे उपासनेत वाचली जायची. वाघाचं पत्र सगळ्यांत वर होतं, हाताळून मऊ झालेलं. ते ऐकून इथल्या बायकांनी आमच्या गावाला लोकरीच्या मोज्यांचे चाळीस जोड पाठवले होते. जालन्याच्या उन्हाळ्यात! मोज्यांनी वाघाचं काय होणार होतं ते त्या बायकांनाच ठाऊक.

मिसेस मॅक्फींनी तळातून एक पाकीट काढलं. त्यावर तेव्हाच्या पाळकांच्या हातचं लिहिलं होतं: 'वाचू नये. मोजे अर्धे विणून झाले आहेत.'

आत साहेबानं आपल्या आईला लिहिलं होतं: 'आई, तू माझ्या नावानं रोज रडतेस असं कळलं, म्हणून खरं सांगतो. वाघ नव्हता. धर्माजी लोंढे नावाच्या माणसाची पिवळी कुत्री होती, नुकतीच व्यालेली. मी पळालो आणि बाभळीच्या झाडावर चढलो. धर्माजीनं मला उतरवलं आणि दुपारभर माझे काटे काढले. मी त्याला विचारलं, लोकांना काय सांगायचं? तो म्हणाला, वाघ सांगा साहेब, कुत्री माझी आहे.'

मी खुर्चीत बसलो. नव्वद वर्षं आमच्या घराण्यानं उभं राहून मान डोलवली, ती एका कुत्रीसाठी!

"त्याच्या आईला हे कळलं का?" मी विचारलं.

"कोण जाणे. पाकीट तर कपाटातच राहिलं," मिसेस मॅक्फी म्हणाल्या. "तू तुझ्या आईचं कपाटात ठेवू नकोस."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं आणि न फाडता पेटीत टाकलं. श्वापद नाही, गाय आहे, मोराग तिचं नाव, बिस्किटं खाते. मी खोटं लिहिलं, मंडळीनं क्षमा करावी, आणि आई, तू चहा घे. पणजोबांचं काही लिहिलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

वीस दिवसांनी उत्तर आलं. 'आपले पत्र मिळाले. उपासनेच्या वेळी माझा चष्मा घरी राहिल्यामुळे वाचून दाखवता आले नाही. सारांश तोंडी सांगितला की, प्रार्थनेच्या बळाने श्वापद शांत झाले आहे. मंडळीला फार आनंद झाला. खाजगी: मातोश्रींना मी एकट्या गाठून खरे काय ते सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या. चहा अद्याप घेत नाहीत.'

"पाळकसायबाचा चष्मा दोरीनं गळ्यात आसतोय," नाथ्या म्हणाला. "घरी कसा ऱ्हाईल?"

माझं लक्ष शेवटच्या ओळीवर होतं. खरं कळूनही ती चहा घेत नव्हती, म्हणजे माझ्यावर रागावली होती. राहिलेले पाच महिने मी तो राग जवळ बाळगून काढले.

ऑगस्टमध्ये आम्ही परतलो. पुन्हा बँड, पुन्हा हार. केरूबाईंनी माझे दंड चाचपून पाहिले, कुठे चावा घेतलाय का म्हणून. आई गर्दीत मागे उभी होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिनं चुलीवर आधण ठेवलं. मी तिच्यापुढे बसलो.

"आई, ती गाय होती."

"ठावं हाय."

"पाळकसाहेबांनी सांगितलं ना?"

"त्यांच्या आधी ठावं हुतं. फोटूत कास दिसतीया की." तिनं फळीवरच्या बायबलातून तो अर्धा फोटो काढला. मोरागची कास चांगली ठळक दिसत होती. एवढ्या झिपऱ्या आणि शिंगं बघण्याच्या नादात नाथ्याला आणि मला ती दिसलीच नव्हती. "केरूबाई म्हनली, सैतान कसलंबी सोंग घेतो. मी म्हनलं, आसंल बाई."

मग मी हळूच म्हणालो, "वाघसुद्धा..."

"धर्माजीची कुत्री हुती. तेबी ठावं हाय." तिनं आधणात साखर टाकली. "माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, सासूनं मला. तुझी बायकू आली की तिला सांगीन. बाप्यांना सांगायची रीत न्हाई. त्यांना उभं ऱ्हाऊन मान डोलवावी लागती."

"सगळं ठाऊक होतं तर चहा का सोडलास? माझ्यावर रागावलीस म्हणून?"

"राग कशाचा?" तिनं फोटो माझ्या हातात दिला. "त्या कोपऱ्यात बघ."

कात्री जिथून गेली होती तिथे मोरागच्या गळ्याखाली माझी चार बोटं राहिली होती. गाईच्या गळ्याची लोंबती पोळी खाजवत होती ती.

"तुझा बाप गेला तवा तू आसाच गोठ्यात बसला हुतास," आई म्हणाली. "आठ दिस. कुनाशी बोलना, जेवना. नुसता गाईच्या गळ्याखाली हात. ही बोटं बघितली आन् म्हनलं, पोरगं तिकडं एकलं पडलंय. कुनाला सांगू? मंडळी श्वापदाच्या नावानं रडत हुती, मी माझ्या कारनानं चहा सोडला."

वर्षभरात एकाही पत्रात ते मी लिहिलं नव्हतं. स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी तिच्या पदरात तोंड घातलं आणि चोवीस वर्षांचा मिशनरी ढसाढसा रडलो. तिनं रडू दिलं. मग तिनं कपात चहा ओतला, आधी मला दिला आणि मग स्वतः बशीतून पहिला घोट घेतला. दहा महिन्यांनी.

"साखर कमी पडली," ती म्हणाली आणि सगळा प्यायली.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाळकसाहेबांनी मला पुलपिटावर बोलावलं. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की सगळं कबूल करायचं. चूक माझी होती, ती मीच निस्तरायची.

"बंधू शांतवन," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी गळ्यातला चष्मा काढून खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मंडळीला जाणून घ्यायचं आहे, ते श्वापद केवढं होतं?"

मी तोंड उघडलं. समोर केरूबाई बसल्या होत्या. डोळे विस्फारलेले, आणि तीन किलो तिखट कुटलेले ते हात मांडीवर जोडलेले. मी उजवीकडच्या पहिल्या बाकाकडे पाहिलं.

आई शांत बसली होती. तिनं माझ्याकडे बघून एक हात हळूच गुडघ्याएवढा वर धरला. मग कमरेएवढा. मग खांद्याएवढा. मग कुणाला दिसणार नाही अशा बेतानं डोक्यावरचा पदर सारखा करायचं निमित्त काढून हात पार डोक्याच्या वर नेला आणि तिथेच ठेवला.

"साडेसहा फूट," मी म्हणालो. "शिंगं सोडून."

नाथ्या मागच्या बाकावरून उठून उभा राहिला आणि त्यानं मान डोलवली.